शेतमाल वाहतुकीच्या मालट्रकमधील वातानुकूलन : डिझेल आणि धूर कसा कमी करावा?

शेतात पिकलेला माल बाजारात वेळेवर पोहोचला तरच त्याचे पैसे होतात. ऊस, कांदा, टोमॅटो, केळी, द्राक्षे, कापूस या सर्व मालाची मोठी वाहतूक आज ट्रकनेच होते. अनेक शेतकरी बंधूंनी जोडधंदा म्हणून स्वतःचा ट्रक घेतला आहे. ज्यांचा ट्रक नाही त्यांना भाडे भरावे लागते, आणि त्या भाड्यात सर्वात मोठा वाटा डिझेलचा असतो. म्हणून ट्रकचे डिझेल नेमके कोठे जाते, हे ट्रकमालकाइतकेच माल पाठविणाऱ्या शेतकऱ्यानेही जाणून घेणे हिताचे आहे.

या खर्चात अलीकडे एका नव्या बाबीची भर पडली आहे, ती म्हणजे चालकाच्या केबिनमधील वातानुकूलन यंत्रणा, म्हणजेच एसी. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातील मालवाहू वाहनांच्या केबिनला एसी बसविणे सक्तीचे झाले आहे. मालासह एकूण वजन ३.५ टनांपेक्षा जास्त पण १२ टनांपर्यंत असलेली वाहने एन-२ वर्गात, तर १२ टनांपेक्षा जास्त वजनाची वाहने एन-३ वर्गात मोडतात. शेतमाल वाहणारे बहुतेक ट्रक या दोन वर्गांतीलच असतात.

ही सुधारणा आवश्यकच होती. आपल्याकडील बहुतेक ट्रकमध्ये केबिन इंजिनाच्या वर असते. वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग अशा स्थितीत चालकाला आठ-दहा तास बसावे लागते. उष्णतेने शरीरातील पाणी कमी होते, थकवा येतो, डुलकी लागते आणि अपघात होतात. त्यामुळे डिझेल वाचविण्यासाठी चालकाला एसी बंद ठेवायला लावणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. चालकाला गारवा तेवढाच मिळावा, पण त्यासाठी डिझेल कमी जळावे आणि धूरही कमी निघावा, हा या लेखाचा विषय आहे.

एसीला डिझेल का लागते?

एसीतील कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो गॅस दाबतो, दाबलेला गरम गॅस पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड होऊन द्रव बनतो. हा द्रव केबिनमधील कॉइलमध्ये पसरतो तेव्हा आतल्या हवेतील उष्णता ओढून घेतो. म्हणजेच एसी नवा गारवा तयार करीत नाही, तो केबिनमधील उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीत जितके पाणी पाझरते तितका वेळ पंप चालवावा लागतो, तसेच केबिनमध्ये जितकी उष्णता शिरते तितके काम कॉम्प्रेसरला करावे लागते. म्हणून पहिला उपाय पंप मोठा करण्याचा नसून पाझर कमी करण्याचा आहे.

केबिनमध्ये उष्णता पाच वाटांनी शिरते : १) समोरच्या व बाजूच्या काचांतून येणारे ऊन, २) तापलेले छत, ३) इंजिनाकडून तळातून येणारी धग, ४) दरवाजे व फटींतून शिरणारी गरम हवा, ५) आत बसलेली माणसे. यांपैकी पहिल्या चार वाटा बऱ्याच प्रमाणात अडविता येतात.

धावताना किती आणि उभे असताना किती?

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतील इंजिन भाराने धावत असताना यातील साडेतीन ते चार युनिट प्रत्यक्ष कामात येतात, बाकीची उष्णता धुरातून व रेडिएटरमधून निघून जाते. केबिनच्या एसीला सरासरी २ किलोवॅट शक्ती लागते असे धरले, तर धावत्या ट्रकमध्ये एसीसाठी तासाला सुमारे अर्धा लिटर जादा डिझेल लागते.

ट्रक उभा असताना मात्र हिशोब पूर्ण बदलतो. अशा वेळी केवळ एसीसाठी अख्खे इंजिन फिरवावे लागते. पिस्टनचे घर्षण, पाण्याचा व तेलाचा पंप, पंखा या सर्वांसाठी डिझेल जळते. अमेरिकेतील मोठ्या इंजिनाचे ट्रक अशा रीतीने उभे राहून तासाला सुमारे ३ लिटर डिझेल जाळतात. आपल्याकडील इंजिने आकाराने लहान असल्याने हे प्रमाण कमी असते, तरी एसीसह तासाला २ लिटर धरून चालावे. म्हणजे तोच गारवा धावताना अर्ध्या लिटरमध्ये, तर उभ्या ट्रकमध्ये दोन लिटरमध्ये पडतो. खरी गळती येथे आहे.

आपल्या ट्रकचे नेमके प्रमाण घरच्या घरी काढता येते. सपाट जागेवर ट्रक उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरावी. मोकळ्या जागेत एसी लावून इंजिन बरोबर २ तास चालू ठेवावे. नंतर त्याच जागी मापाने डिझेल ओतून टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरावी. जेवढे डिझेल लागले त्याच्या निम्मे म्हणजे तासाचा खर्च. हा आकडा केबिनमध्ये डोळ्यांसमोर लिहून ठेवावा.

एका हंगामाचा हिशोब

साखर कारखान्याच्या यार्डात, बाजार समितीच्या आवारात लिलावाची वाट पाहताना, वजनकाट्यावर आणि शेतात माल भरताना ट्रकचे कितीतरी तास जातात. फेब्रुवारी ते मे या काळातील १०० दिवस धरू. रोज ३ तास उभ्या ट्रकमध्ये एसीसाठी इंजिन चालू राहिले, तर –

- डिझेल : ३ तास × २ लिटर × १०० दिवस = ६०० लिटर
- खर्च (लिटरला ९० रुपये धरून) : ५४,००० रुपये
- कार्बन डायऑक्साइड (लिटरला २.६८ किलो) : सुमारे १,६०८ किलो

हेच तीन तास एका तासावर आणले तर ४०० लिटर डिझेल, म्हणजे ३६,००० रुपये वाचतात आणि सुमारे १,०७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणे टळते. यासाठी ट्रकमध्ये कोणताही मोठा बदल करावा लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या ट्रकमालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या ट्रकच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. इंजिन भाराविना तासन्‌तास चालले की धूर पुरेसा तापत नाही, त्यामुळे गाळणीत साठलेली काजळी आपोआप जळत नाही आणि गाळणी लवकर तुंबते. धुरातील नायट्रोजनची विषारी संयुगे कमी करणारी यंत्रणाही थंड धुरात नीट काम करीत नाही. म्हणजे नवा ट्रक असला तरी उभ्या अवस्थेत तो अपेक्षेइतका स्वच्छ राहत नाही. हा धूर यार्डात बसलेले इतर चालक, हमाल आणि ऊसतोड कामगारांची मुले यांच्या नाकातोंडात जातो.

उष्णतेचा पाझर कमी करण्याचे उपाय

१) सावली : ट्रक शक्यतो झाडाखाली किंवा इमारतीच्या सावलीत लावावा. सावली नसेल तर समोरची काच सूर्याकडे येणार नाही अशा दिशेने ट्रक उभा करावा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड करून ट्रक उभा करू नये.

२) काचेवर आडोसा : ट्रक उभा असताना समोरच्या काचेवर चकाकणारा परावर्तक पडदा लावावा. तो बाहेरून लावल्यास अधिक उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत येण्यापूर्वीच अडते. ताडपत्रीचा जुना तुकडा किंवा गोणपाटही चालते. ट्रक सुरू करण्यापूर्वी आडोसा पूर्ण काढावा. काचांना काळी फिल्म लावू नये. नियमानुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे.

३) छताचा रंग : केबिनच्या छताला पांढरा रंग द्यावा. गडद रंगाचे छत उन्हात हात लावू नये इतके तापते, पांढरे छत बरेचसे ऊन परत फेकते. अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने झोपण्याची सोय असलेल्या ट्रक केबिनवर चाचण्या घेतल्या. त्यांत केबिनचा काळा रंग बदलून पांढरा केल्याने उभ्या ट्रकमधील एसीची ऊर्जा सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्याचे आढळले. पांढरा रंग, उष्णतारोधक थर आणि पडदे यांचा एकत्र वापर केल्यावर ही बचत एक तृतीयांशाच्या वर गेली. आपले ऊन आणि आपल्या केबिनची रचना वेगळी असल्याने आकडा कमीजास्त होईल, पण दिशा तीच राहील.

४) उष्णतारोधक थर : अनेक जण नुसती चेसी घेऊन केबिन व बॉडी स्थानिक कारागिराकडून बांधून घेतात. अशा वेळी छत, मागची भिंत आणि विशेषतः इंजिनावरचे झाकण यांच्या आत उष्णतारोधक थर बसवून घ्यावा. हा थर आग न पकडणाऱ्या साहित्याचा असावा. इंजिनाजवळ थर्माकोल किंवा साधा फोम कधीही वापरू नये. केबिन तयार झाल्यावर हे काम करणे महाग व अवघड पडते.

५) फटी : दरवाजांचे रबर, गियर लिव्हरच्या बुडाचे रबर आणि तळातील भोके तपासावीत. यांतून गरम हवाच नव्हे तर इंजिनाचा धूरही आत येतो. फाटलेले रबर बदलण्याचा खर्च थोडा, पण फायदा दुहेरी आहे.

एसी वापरण्याची योग्य पद्धत

उन्हात उभ्या असलेल्या ट्रकची केबिन बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते. त्यामुळे बसल्याबरोबर काचा बंद करून एसी लावू नये. दोन्ही काचा उघड्या ठेवून दोन-तीन मिनिटे ट्रक चालवावा. कोंडलेली गरम हवा फुकटात निघून जाते. मग काचा बंद करून एसी लावावा.

केबिन थंड झाली की आतलीच हवा फिरविणारे बटण वापरावे. बाहेरची ४० अंशांची हवा पुन्हा पुन्हा थंड करण्यापेक्षा आतली २८ अंशांची हवा थंड करणे सोपे असते. मात्र दर अर्ध्या-पाऊण तासाने काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी. सतत तीच हवा फिरविल्यास श्वासातील कार्बन डायऑक्साइड साठतो व चालकाला सुस्ती येते.

एसीचे बटण सतत शेवटच्या टोकावर ठेवू नये. घरगुती एसीसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने २४ अंशांची शिफारस केली आहे, तेच सूत्र येथेही उपयोगी आहे. उन्हातून आलेल्या माणसाला २६ अंशही पुरेसे सुखावह वाटतात, आणि वारंवार चढउतार करणाऱ्या चालकाला फार थंड केबिन बाधण्याचीही शक्यता असते. सकाळी व रात्री हवा गार असताना एसी बंद करून काचा उघडाव्यात.

देखभाल

शेतमालाच्या ट्रकमध्ये कंडेन्सरची जाळी लवकर तुंबते. उसाचे पाचट, कांद्याचे पापुद्रे, कापसाचे तंतू आणि कच्च्या रस्त्याची धूळ तिच्यात अडकते. जाळी तुंबली की उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त शक्ती लागते आणि गारवा मात्र कमी होतो. हंगामात दर आठवड्याला इंजिन थंड असताना जाळी मऊ ब्रशने झाडून हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. जोरदार फवाऱ्याने तिच्या नाजूक पाकळ्या वाकतात व हवेची वाट बंद होते.

केबिनमधील हवेची गाळणी दर महिन्याला काढून झटकावी व खराब झाल्यास बदलावी. कॉम्प्रेसरचा पट्टा सैल झाल्यास तो घसरतो, म्हणून त्याचा ताण तपासावा. झरोक्यातून येणारी हवा केबिनमधील हवेपेक्षा साधारण १० अंशांनी तरी थंड नसेल, तर यंत्रणेत दोष आहे असे समजावे.

गॅसची गळती : न दिसणारा धूर

वाहनांच्या एसीमध्ये प्रामुख्याने आर-१३४ए हा गॅस वापरला जातो. ओझोनच्या थराला तो अपाय करीत नाही, परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. वरच्या हिशोबाशी याची तुलना करून पाहावी. पाऊण किलो गॅस हवेत सुटला तर त्याचा परिणाम सुमारे १,०७२ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. म्हणजे हंगामभर खबरदारी घेऊन ४०० लिटर डिझेलचा जो धूर टाळला, तेवढा सर्व एका गळतीने पुसला जातो.

म्हणून 'गारवा कमी झाला की गॅस भरून घ्यावा' ही सवय सोडावी. गॅस वापराने संपत नाही, तो गळतो म्हणून कमी होतो. आधी गळती शोधून दुरुस्त करावी आणि मगच गॅस भरावा. जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घेणाऱ्या गॅरेजमध्येच काम करावे. गॅस वजनाने, ट्रकच्या पाटीवर लिहिलेल्या प्रमाणातच भरावा. जास्त गॅस भरल्याने जास्त गारवा मिळत नाही, उलट कॉम्प्रेसरवरील भार वाढतो. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून त्यानुसार २०३२ पासून अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करावयाचा आहे. आर-१२३४वायएफ हा अत्यल्प तापमानवाढ करणारा पर्यायी गॅस उपलब्ध आहे, मात्र एका गॅससाठी बनविलेल्या यंत्रणेत मनाने दुसरा गॅस भरू नये.

इंजिन बंद ठेवून गारवा

बॅटरीवरील एसी : ट्रक उभा असताना बॅटरीवर चालणारे २४ व्होल्टचे छोटे एसी मिळतात. ते घेण्यापूर्वी हिशोब करावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत मिळून ३.६ युनिट वीज असते. त्यातील निम्मी वापरली तर १.८ युनिट मिळते, आणि ६०० वॅटचा एसी त्यावर ३ तास चालतो. एवढी वीज धावत्या ट्रकमध्ये पुन्हा भरण्यास सुमारे १ लिटर डिझेल लागते. इंजिन चालू ठेवले असते तर त्याच ३ तासांत ६ लिटर जळाले असते. मात्र इंजिन सुरू करण्याची बॅटरी यासाठी वापरू नये, खोलवर रिकामी होऊन ती लवकर निकामी होते. वेगळी, या कामासाठी बनविलेली बॅटरी बसवावी. छतावर ४०० वॅटचे सौर पॅनेल बसविल्यास उन्हाळ्यात दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळू शकते.

पाण्याचा कूलर : विदर्भ, मराठवाडा व खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर हवा २८-२९ अंशांपर्यंत खाली आणू शकतो आणि त्याला शंभर वॅटच्या आसपासच वीज लागते. कूलर लावताना काच थोडी उघडी ठेवावी. कोकणात व पावसाळ्यात मात्र कूलरने केवळ दमटपणा वाढतो.

महत्त्वाची सूचना : बंद जागेत, शेडमध्ये किंवा इतर ट्रकना खेटून उभे असताना इंजिन व एसी चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. फटीतून तो आत शिरल्यास झोपेतच माणूस बेशुद्ध होतो व प्राणही जाऊ शकतो.

यार्डातील सुधारणा सर्वांच्या हिताची

आतापर्यंतचे उपाय ट्रकमालकाच्या हाती आहेत. परंतु चालकाला इंजिन बंद कर म्हणताना त्याने दुपारी कोठे बसावे, याचेही उत्तर दिले पाहिजे. बऱ्याच यार्डात सावली नाही, पिण्याचे पाणी नाही, आपला नंबर केव्हा लागेल हे कळत नाही. मग चालक केबिनमध्ये बसून इंजिन चालू ठेवतो, यात नवल ते काय?

सहकारी साखर कारखाना आणि बाजार समिती या आपल्याच संस्था आहेत. सभासदांनी वार्षिक सभेत पुढील मागण्या मांडाव्यात : १) यार्डाच्या कडेने कडुनिंब, करंज यांसारखी सावलीची झाडे लावून जगवावीत. २) चालकांसाठी पंखे, पाणी व स्वच्छतागृह असलेली हवेशीर विश्रांतीची जागा असावी. ३) नंबर येण्याची अंदाजे वेळ मोबाइलवर कळवावी, म्हणजे ट्रक वेळेवरच निघेल. ४) रांगेत ट्रक तसूतसूने पुढे घेण्याऐवजी टोकनप्रमाणे एकदम काट्यावर बोलवावेत, म्हणजे इंजिन चालू ठेवण्याचे कारणच उरणार नाही. शेतावर माल भरताना शेतकऱ्यानेही चालकाला झाडाखाली खाट आणि माठातले पाणी द्यावे. या पाहुणचारात तासाला दोन लिटर डिझेल वाचते.

थोडक्यात

- चालकाचा गारवा तोडू नये, केबिनमध्ये शिरणारी उष्णता तोडावी.
- उभ्या ट्रकमध्ये केवळ एसीसाठी इंजिन चालू ठेवणे सर्वात महाग पडते.
- सावली, आडोसा, पांढरे छत आणि घट्ट रबर हे सर्वात स्वस्त उपाय आहेत.
- कंडेन्सरची जाळी हंगामात दर आठवड्याला साफ करावी.
- गळती काढल्याशिवाय गॅस भरू नये.
- इंजिन व एसी चालू ठेवून बंद जागेत झोपू नये.

ट्रकमालक शेतकऱ्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या ट्रकचा उभ्या अवस्थेतील डिझेल खर्च एकदा मोजून पाहावा आणि चालकाला शेजारी बसवून हा हिशोब समजावून सांगावा. वाचलेल्या पैशातला काही वाटा चालकालाही दिला, तर हे उपाय कागदावर न राहता रोजच्या अंगवळणी पडतील.